पट्टी कापताना कात्री कुठून धरता? खान्देशातल्या मेडिकलवाल्यांना खुलं पत्र

खान्देशातल्या समस्त मेडिकलवाल्या भावांना आणि बहिणींना,

सप्रेम नमस्कार.

टेबलावर एका पट्टीचा तुकडा ठेवून हे पत्र लिहायला बसले आहे. चार गोळ्यांचा तुकडा. मुळात पट्टी दहाची. बाकीच्या सहा दुसऱ्या कुणाला गेल्या असतील, नाहीतर अजून तुमच्यापैकी एखाद्याच्या ड्रॉवरमध्ये पडल्या असतील. कात्री मधून चालली आणि गोळीत काय काय आहे ते ज्या टोकाला छापलं होतं ते टोक दुकानातच राहिलं. माझ्या मायच्या हाती आलेल्या तुकड्यावर इंग्रजी नावांची नुसती शेपटं उरली आहेत. एक '...रिन', पुढे ५०. त्याखाली '...माइन', पुढचं कात्रीत गेलं. एक्सपायरीची तारीखही त्यातच गेली.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नोकरी जळगावला, माहेर अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात. डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेली नाही. पण गेल्या वर्षभरात गुडघ्याच्या गोळ्यांवर जेवढं वाचलं, जेवढ्या डॉक्टरांना विचारलं, तेवढं बी.एड.ला असतानाही वाचलं नव्हतं. ज्या दुकानातून हा तुकडा आला त्याचं नाव इथे लिहिणार नाही. त्या भाऊनं करोनात रात्री बारा वाजता शटर अर्धं वर करून आमच्या गल्लीला औषधं दिली आहेत. शिवाय हे त्याच्या एकट्याच्या दुकानात घडलं असतं तर पत्र लिहायची गरजच नव्हती, जाऊन बोलले असते. (बोललेही. ते पुढे येईल.)

तर गेल्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गोष्ट.

आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस आणि खापरावरचे मांडे होतात, हे तुम्हाला सांगायला नको. मी पोचले तेव्हा माय ओसरीवर आडवी होती. अडुसष्ट वर्षांची बाई, आखाजीच्या आदल्या दिवशी आडवी, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. दोन दिवसांपासून जुलाब. दिवसाला सात-आठ वेळा. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला. वहिनी म्हणाली, ऊन लागलं. भाऊ म्हणाला, कैरीचं पन्हं बाधलं. मायचं स्वतःचं निदान, "रस जास्त व्हई गया." रस तिनं वाटीभर घेतला होता. लघवी गडद पिवळी होतेय असंही ती सांगत होती, पण वैशाखात आपल्याकडे कुणाची होत नाही? कडकी म्हणायची आणि सब्जा भिजवायचा.

आखाजीच्या दुपारी ती न्हाणीत चक्कर येऊन पडली. अमळनेरला नेलं तेव्हा ब्लडप्रेशर ९० वर ६०. किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन २.३, जे दिवाळीच्या तपासणीत ०.९ होतं. सोडियम, पोटॅशियम दोन्ही खाली. सलाइन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, रोज काय काय गोळ्या घेतात? घरून आणा सगळ्या.

भाऊनं मायची पिशवी आणली. साडीच्या काठाची शिवलेली, पानसुपारीची असते तशी. तिच्यातून ब्लडप्रेशरची गोळी निघाली, टेल्मिसार्टन आणि लघवीवाटे पाणी काढणारं औषध अशी जोडगोळी. कॅल्शियम निघालं. आणि हा तुकडा. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, उलटसुलट केला आणि विचारलं, "आजी, ही कशाची?"

"टॉनिक शे. गुडघासनं."

भाऊला दुकानात पिटाळलं. त्यानं उरलेल्या तुकड्याचा फोटो पाठवला, तेव्हा शेपटांना डोकी मिळाली. डायसेरिन ५०, ग्लुकोसामाइन सल्फेट पोटॅशियम क्लोराईड ७५०, एमएसएम हे गंधकाचं संयुग २५०. दिवसातून दोनदा. रामनवमीनंतर सुरू केलेली. पहिले काही दिवस शौचाला मोकळं होतंय म्हणून माय उलट खूश होती. बद्धकोष्ठ तिला वर्षानुवर्षांचा. एका गोळीत गुडघाही आणि पोटही, ते ही इतक्या स्वस्तात! (स्वस्तात नाही खरं तर. एका पट्टीत बाईमाणसाची दिवसाची निंदणीची मजुरी जाते.)

तुमच्यापैकी ज्यांनी काउंटरवर वीस-पंचवीस वर्षं काढली आहेत त्यांना आता पुढचं सांगावं लागू नये. पण माझा अनुभव असा की सांगावं लागतं.

डायसेरिन हे टॉनिक नाही. ते औषध आहे. पोटात गेल्यावर त्याचं ऱ्हाइन नावाचं द्रव्य होतं, आणि हे ऱ्हाइन सोनामुखीच्या जुलाबी द्रव्यांच्या भाऊबंदांतलं. आजीबाईंच्या बटव्यातली सोनामुखी ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातलं. म्हणून पोट सैल होतं आणि म्हणूनच लघवीचा रंग बदलतो. तो रंग निरुपद्रवी आहे, पण जुलाब नाहीत. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीनं तीव्र जुलाब आणि यकृतावरचे परिणाम पाहून या औषधाचा फेरविचार केला. २०१३च्या शेवटी तर ते बाजारातून थांबवावं अशीच शिफारस झाली होती. फेरतपासणीनंतर २०१४ मध्ये ते ठेवलं, पण बंधनं घालून. पासष्टच्या वरच्या माणसांना देणं योग्य नाही. यकृताचा आजार असेल किंवा होऊन गेला असेल तर द्यायचं नाही. सुरुवात निम्म्या डोसनं, म्हणजे दिवसाला १०० ऐवजी ५० मिलिग्रॅमनं. आणि जुलाब सुरू झाले की त्या दिवशी बंद.

आता ही चार वाक्यं मायवर ठेवून पाहा. वय अडुसष्ट. डोस पहिल्या दिवसापासून पूर्ण. जुलाब सुरू झाल्यावर गोळी बंद करायची हे सांगणारं कुणी नाही, म्हणून जुलाबातही ती नेमानं दोन वेळा घेत राहिली. टॉनिक अशक्तपणात सोडतात का कुणी? त्यात ब्लडप्रेशरच्या गोळीनं लघवीवाटे पाणी जात होतं आणि उन्हानं घामावाटे. युरोपातल्या समितीसमोर फैजपूर-भुसावळचा मे महिना नव्हता, तरी त्यांना काळजी वाटली. आपल्याला तर जास्तच वाटायला हवी.

गोळी बंद केल्यावर चौथ्या दिवशी जुलाब थांबले. क्रिएटिनिन खाली यायला तीन आठवडे लागले.

चिठ्ठी कुठे होती म्हणाल, तर नव्हती. शेजारच्या मावशीनं आपल्या रिकाम्या पट्टीचा कोपरा दिला होता, मायनं तो काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, मन्हा गुडघा दुखतस. ती लेस ना, तीच गोयी दे." आणि तिनं विचारलं, काही अपाय तर नाही ना? त्यावर जे उत्तर मिळालं ते मायला शब्दशः पाठ आहे. "आजी, साधं टॉनिक आहे. साइड इफेक्ट काहीच नाही. गुडघ्यातलं ग्रीस वाढतं."

माझं सगळं भांडण या तीन वाक्यांशी आहे. बाकी काही नाही.

ग्रीसचं आधी उरकते. गुडघा म्हणजे बैलगाडीचा आस नव्हे. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजते, हाडाला कंगोरे फुटतात, आतलं अस्तर सुजतं, मांडीचे स्नायू ढिले पडतात. ग्लुकोसामाइन तोंडावाटे घेतलं की ते जाऊन त्या कूर्चेवर प्लास्टरसारखं बसतं, असं सिद्ध झालेलं नाही. शब्द चटकदार आहे, माणसाला पटतो आणि गोळी खपते, एवढंच त्याचं काम.

साइड इफेक्टचं मात्र नीट पाहायला हवं, कारण ते वाक्य अर्धं खरं आहे. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

नुसतं ग्लुकोसामाइन, दिवसाला १५०० मिलिग्रॅम, किंवा त्यासोबत कॉन्ड्रॉइटिन हा कूर्चेतून काढलेला घटक, हे मोठ्या चाचण्यांमध्ये बऱ्यापैकी निरुपद्रवी ठरलं आहे. मळमळ, छातीत जळजळ, पोट फुगणं, कधी पातळ शौच, कधी बद्धकोष्ठ, डोकेदुखी, क्वचित अंगावर पुरळ. चाचणीत खोटी, म्हणजे आत औषधच नसलेली, गोळी घेणाऱ्यांनाही साधारण तेवढाच त्रास झाला. तेव्हा ग्लुकोसामाइन विष आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण भाऊ, तुमच्या काचेच्या कपाटात नुसतं ग्लुकोसामाइन किती उरलंय? परवा मी जळगावात तीन दुकानांत 'गुडघ्याची साधी गोळी' मागितली. तिन्ही ठिकाणी हातात आलं ते मिश्रण. कुणात डायसेरिन, कुणात हळदीचा अर्क मिरीच्या अर्कासकट, कुणात कोलॅजन आणि वर सात जीवनसत्त्वं. पहिल्या नावाची कीर्ती शेवटच्या नावाला मिळते आणि सगळी फौज 'टॉनिक' या एकाच तिकिटावर घरात शिरते.

आणि निरुपद्रवी ग्लुकोसामाइनलाही एक जागा अशी आहे जिथे गप्प राहून चालत नाही. रक्त पातळ ठेवण्याची वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम घेणारी माणसं. हृदयाची झडप बदललेली, ठोके अनियमित असलेली. आपल्याकडे अशी माणसं खेड्याखेड्यात आहेत. मुंबई-नाशिकहून ऑपरेशन करून येतात आणि महिन्याला पीटी-आयएनआर तपासतात, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. वॉरफरिनसोबत ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन सुरू केल्यावर आयएनआर वाढल्याच्या, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त आल्याच्या नोंदी अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे आणि जागतिक आरोग्य संघटनेकडे आहेत. हजारात एकाला होत असेल. पण तो एक तुमच्याकडेच दर महिन्याला वॉरफरिन न्यायला येतो, तुम्ही त्याला नावानं ओळखता. त्याच्या डॉक्टरला हे कळायच्या आधी तुम्हाला कळू शकतं. हे बळ दुसऱ्या कुणाकडे नाही.

पोटॅशियम क्लोराईडचं नावही घाबरवण्यासाठी सांगत नाही. दिवसाच्या दोन गोळ्यांतलं पोटॅशियम आपल्या रावेरच्या एका केळ्यातल्यापेक्षा कमीच. पण ज्याला किडनीच्या डॉक्टरांनी केळी बंद केली आहेत त्याला हे कळायला नको? दुसऱ्या प्रकारच्या गोळीत साधं मीठ असतं, सोडियम क्लोराईड. त्याचंही तेच.

आता गुण येतो का, हा प्रश्न. कारण तुम्ही म्हणाल, ताई, लोकांना गुण येतो म्हणून तर ते परत येतात.

येतो. मावशीलाही आला. अमेरिकेत सरकारी खर्चानं झालेली मोठी चाचणी २००६ मध्ये छापली गेली. १५८३ माणसं, गुडघेदुखीची, चोवीस आठवडे. कुणाला ग्लुकोसामाइन, कुणाला कॉन्ड्रॉइटिन, कुणाला दोन्ही, कुणाला सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी आणि कुणाला नुसती खोटी, आत काही नसलेली गोळी. कोण काय घेतंय ते कुणालाच ठाऊक नाही. चोवीस आठवड्यांनी दुखणं ठरवलेल्या मापानं कमी झालं ते दोन्ही घेणाऱ्यांत शंभरात सदुसष्ट जणांचं. आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत? शंभरात साठ जणांचं. हा साठचा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा पोरं हसतात. पण त्यात हसण्यासारखं काही नाही. गुडघा दुखायचा लाटेनं. माणूस गोळी आणायला निघतो तो लाट सगळ्यात उंच असताना, आणि लाट उतरायची ती उतरतेच. वर भरवसा असतो, घरातल्यांची विचारपूस असते. मावशीचा गुण खोटा नाही, तो गोळीच्या खात्यात लिहिणं चूक.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की त्याच चाचणीत जास्त दुखणाऱ्यांच्या छोट्या गटात दोन्ही घेणाऱ्यांना बराच फायदा दिसला होता. पण पुढे दोन वर्षं पाहिल्यावर तो टिकला नाही. युरोपातला एक तज्ज्ञगट चिठ्ठीवर मिळणाऱ्या एका विशिष्ट ग्लुकोसामाइन सल्फेटच्या बाजूनं आजही बोलतो. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेनं मात्र २०१९ मध्ये गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन दोन्ही वापरू नका, असं ठाम सांगितलं. मला विचाराल तर ज्या घरात निंदणीच्या मजुरीवर किराणा येतो तिथे हा वाद गोळी न घेण्याच्या बाजूनं सुटायला हवा. पैसेवाल्यानं दोन-तीन महिने घेऊन पाहावी, फरक नाही पडला तर सोडावी. त्याला माझी ना नाही.

हळदीबद्दल लिहिलं की घरचेच माझ्यावर तुटून पडतात. भाजीतली हळद आणि गोळीतली हळद एक नव्हे. भाजीतल्या हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारसं रक्तात शिरतच नाही. म्हणून गोळीत मिरीतलं पायपेरिन घालतात. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की २० मिलिग्रॅम पायपेरिननं माणसाच्या रक्तात पोचणारं कर्क्युमिन कित्येक पटींनी वाढतं. कंपन्या हे गुण म्हणून डब्यावर छापतात. पण जे जास्त शिरतं ते यकृतालाही जास्त दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या १८ तक्रारींनंतर सावधगिरीची सूचना काढली. इटली आणि अमेरिकेतूनही अशी प्रकरणं आली आहेत. फार थोड्यांना होतं. पण डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली असा माणूस 'कावीळ उतरवायला' गावठी औषधाकडे जातो आणि हळदीची गोळी चालूच ठेवतो, कारण हळद काय कुणाला बाधते?

अशाच गोळ्यांत येणाऱ्या सालईचं मात्र मला कौतुक आहे, ती आपल्या सातपुड्याची. यावलच्या जंगलात उन्हाळ्यात पानं झडलेली, कागदासारखी साल सुटलेली झाडं दिसतात ना, तीच. तिच्या डिंकावर नागपूरच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये गुडघेदुखीची चाचणी छापली, निकाल चांगला होता, पण माणसं अवघी तीस. तीस माणसांवरून दुकानभर पाट्या लावायच्या नसतात. तीन हजारांवर करून पाहा म्हणायचं असतं.

आठवडे बाजारात चादरीवर पुड्या मांडून बसणाऱ्यांकडे जे मिळतं त्याला तुम्ही जबाबदार नाही. पण ती पुडी खाणारा शेवटी तुमच्याकडेच येतो. दोन दिवसांत गुडघा पळायला लागला, आठ दिवसांत तोंड सुजलं, साखर वाढली, तर त्या पुडीत स्टिरॉइड असण्याची दाट शंका घ्या. परदेशातही हे चालतं. 'आर्ट्री किंग' नावाच्या सांधेदुखीच्या पूरक गोळ्यांत लेबलवर न लिहिलेलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ मध्ये जाहीर केलं. अशा माणसाला "फेकून द्या" म्हणू नका. महिनोन्महिने पोटात गेलेलं स्टिरॉइड एका दिवसात थांबलं तर माणूस कोसळतो. डॉक्टरकडे पाठवा, पुडीसकट.

आता मायच्या माळेची गोष्ट. सलाइन निघालं, घरी आली, आणि मी तिला समजावत होते की ही गोळी परत घ्यायची नाही. क्रिएटिनिन, जुलाब, युरोप सगळं सांगून झालं. ती ऐकून घेत होती, पण डोळ्यांत "मावशीले तर गुण उना" असं स्पष्ट दिसत होतं. मग सहज बोलून गेले, ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा झिंग्या-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. मक्यापासून, बुरशीपासून काढलेलंही असतं, पण ते कुठलं हे पट्टीवर लिहिलेलं नाही. कॉन्ड्रॉइटिन तर गाई-डुकरांच्या किंवा शार्कच्या कूर्चेतून.

माय उठून बसली. गळ्यातली तुळशीची माळ धरून म्हणाली, "खेकडानी गोयी? मी माळकरीन शे व माय! आते काय माळ काढी ठेवू का?"

मुक्ताईच्या पालखीबरोबर पायी गेलेली बाई. तीन आठवडे रोज दोन वेळा. किडनीचं दुखणं ती विसरली आहे, हे विसरलेली नाही. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर निदान हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण छापावा लागतो, आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे औषध म्हणून नाही, असंही. औषध म्हणून निघालेल्या पट्टीवर ती खूण शोधून सापडत नाही. एकाच कपाटात, एकाच फळीवर, शेजारी शेजारी दोन वेगळ्या कायद्यांचा माल. गिऱ्हाइकाला दोन्ही 'गुडघ्याची गोळी'. आपल्याकडे माळकरी किती, जैन किती हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. झिंग्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनाही हे सांगायला हवं. ॲलर्जी मुख्यतः मांसातल्या प्रथिनांची, कवचाची नव्हे, तरी लेबलवर सूचना असते ती उगाच नाही.

दुकानात जाऊन बोलले म्हणाले होते. गेले तेव्हा दुपार होती, कूलर घरघरत होता, गर्दी नव्हती. त्या दुकानदार भाऊला फोटो दाखवला. त्यानं आपल्याच दुकानातली पट्टी डोळ्यांजवळ धरून पहिल्यांदा वाचली असावी, तेवढा वेळ लागला. मग म्हणाला, "ताई, खरं सांगू? कंपनीचा एमआर, माल खपवायला येतो तो, म्हणाला टॉनिक आहे, स्कीम चांगली आहे. आणि मी चौकशा करत बसलो तर आजी समोरच्या दुकानात जातात. मी विचारून गिऱ्हाईक घालवू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो खोटं बोलत नव्हता. आम्हीच रिकाम्या पट्टीचे कोपरे घेऊन येतो. आम्हीच डॉक्टरची फी वाचवतो. प्रश्न विचारणारा दुकानदार आम्हालाच खडूस वाटतो. म्हणूनच हे पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे. एकानं विचारलं तर गिऱ्हाईक समोर जातं. समोरच्यानंही तेच विचारलं तर कुठे जाईल? अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर, शहादा, तुमच्या तालुक्यातालुक्यात संघटना आहेत, बैठका होतात. त्यात हा एक विषय घ्या.

फार मोठं मागणं नाही. गुडघ्याची गोळी काढायच्या आधी वय विचारा, आणि रक्त पातळ करण्याची, ब्लडप्रेशरची, किडनीची काही गोळी चालू आहे का तेवढं विचारा. बहुतेकांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत असतात, तुमच्याच बिलांवर असतात. डायसेरिन असलेली पट्टी 'टॉनिक' म्हणून देऊ नका. पासष्टच्या पुढच्याला चिठ्ठीशिवाय देऊच नका, आणि उन्हाळ्यात तर हात आखडाच. दिलीच तर एक वाक्य बोला: पातळ शौच झालं की त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरला फोन. बारा शब्दांचं काम नाही. 'साइड इफेक्ट काहीच नाही' हे वाक्य मात्र काउंटरवरून कायमचं काढून टाका. त्या जागी 'आत काय आहे ते पाहून सांगतो' म्हटलं तरी आम्हाला चालेल.

गुडघ्याला मग करायचं काय, असं माय विचारते तसं तुमचं गिऱ्हाईकही विचारेल. तिला फिजिओथेरपिस्टनं खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा व्यायाम दिला, दोन्ही पायांना, सकाळ-संध्याकाळ. दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात काठी. घरात कमोडची खुर्ची आली, कपाशी वेचायला वाकणं बंद झालं, वजन चार किलो उतरलं. एक किलो उतरला की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं हलका होतो, हे मोजलेलं आहे. फार दुखलं तर डायक्लोफेनॅकचं मलम वरून लावते. ते तुमच्याकडेच मिळतं. गुडघा पूर्ण बरा झालेला नाही, होणारही नाही. पण परवा कानबाईच्या सणाला, रोटांच्या दिवशी, ती स्वयंपाकघरात उभी होती, स्टुलावर एक पाय ठेवून सगळ्यांना हुकूम सोडत.

आणि कात्रीचं. पट्टी मोडून द्यावी लागते, मान्य. हातावर पोट असणाऱ्याला दहा गोळ्या एकदम परवडत नाहीत, आणि चार गोळ्या मिळतात हे तुमचे उपकारच आहेत. फक्त कापताना नावाच्या उलट बाजूनं सुरुवात करा. ज्या टोकाला घटक आणि तारीख छापली आहे ते टोक शेवटच्या चार गोळ्यांसोबत राहू द्या, आणि आधीच्या सहा ज्याला गेल्या त्याच्या पाकिटावर पेननं दोन शब्द लिहा. डायसेरिन लिहायला पाच सेकंद लागतात. मी मोजून पाहिले.

आपली,
अमळनेर तालुक्यातली एक लेक, आणि तुमचं जुनं गिऱ्हाईक

ता. क. गोळीनं त्रास झाला तर कळवायची सोय आहे, हे मला त्या अमळनेरच्या डॉक्टरांकडून कळलं. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे देशभरातल्या दुष्परिणामांच्या नोंदी होतात, १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत नंबर. रुग्णाला, नातेवाइकाला, दुकानदाराला, कुणालाही कळवता येतं. मायची नोंद मी केली आहे. हा नंबर बिलामागे शिक्क्यानं उमटवला तर शाई फार लागणार नाही.